जुन्या वस्तूंचा नवा बाजार

वापरलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री आपल्या देशाला नवी नाही. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्रातल्या घराघराला परिचित होती. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांचे ढीग, हे सारे याच व्यापाराचे विस्तार. या सर्व ठिकाणी सौद्याचा पाया एकच असे; तो म्हणजे वस्तू समोर असे. गिऱ्हाईक पातेल्याचे बूड ठोकून पाही, कापड उजेडात धरून पाही, पुस्तक चाळून एखादे पान गळाले नाही ना, याची खात्री करून घेई. विकणारा काय सांगतो याला फारसे महत्त्व नव्हते. डोळे आणि हात यांची साक्ष पुरेशी होती.

इंटरनेटवरील व्यापाराने हा पायाच बदलून टाकला आहे. वस्तू विक्रेत्याच्या घरी राहते. ग्राहकाकडे जाते ते तिचे छायाचित्र आणि चार ओळींचे वर्णन. ग्राहक विकत घेतो ती वस्तू खरी, परंतु पैसे देताना त्याच्यासमोर असतो तो केवळ विक्रेत्याचा शब्द. हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, आपण जुना माल विकतो त्याहून अधिक त्या मालाविषयीचे आपले कथन विकत असतो.

या बाजाराच्या आरंभीची एक हकीगत मोठी बोधप्रद आहे. १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिड्यार यांनी लिलावाचे एक संकेतस्थळ काढले; तेच पुढे ईबे या नावाने प्रसिद्धीस आले. तेथे प्रारंभी विकली गेलेली वस्तू म्हणजे लेसर किरणाचा एक मोडका दर्शक होता. त्याला १४ डॉलर ८३ सेंट इतकी किंमत आली. वस्तू मोडकी आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते. त्याला मोडकीच हवी होती. दोष सांगितल्याने गिऱ्हाईक पळते, या समजुतीला त्या विक्रीने पहिल्याच पावली उत्तर दिले. भारतात ईबेने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम ही कंपनी घेऊन प्रवेश केला आणि २०१८ मध्ये ईबेचे येथील दुकान बंद झाले. दरम्यान ओएलएक्स आणि क्विकर यांसारख्या जाहिरातीच्या फलकांनी घराघरांतील अडगळ बाजारात आणली.

दोष लपविल्याने केवळ एका ग्राहकाचे नुकसान होत नाही. त्याने बाजारच नासतो. याची शास्त्रशुद्ध मांडणी जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात केली. उदाहरण त्याने जुन्या मोटारींचे घेतले. मोटार चांगली की खराब हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून बाहेर पडतो. मग खराब मोटारींचे प्रमाण वाढते, किंमत आणखी उतरते, आणि उरलेले चांगले विक्रेतेही निघून जातात. या विषयावरील कार्याबद्दल ॲकरलॉफला २००१ साली दोघा सहकारी अर्थशास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विषयापुरता त्याचा अर्थ सरळ आहे. ज्या बाजारात वस्तू हाताळता येत नाही, तेथे खरे सांगणे हा केवळ नीतीचा प्रश्न राहत नाही. व्यापार जिवंत राहण्याची ती अट ठरते.

आता प्रत्यक्ष व्यवसायाकडे वळू. उदाहरणासाठी जुनी पुस्तके घेऊ. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या काळची पुस्तके कपाटात पडून असतात. पुढच्या पिढीची वाचनाची भाषा बदलली की ती रद्दीच्या तराजूत जातात. त्याच वेळी नागपूरचा एखादा अभ्यासक त्यांतलेच एक पुस्तक वर्षानुवर्षे शोधीत असतो. या दोघांची गाठ घालून देणे हे या व्यापाराचे खरे सामर्थ्य होय.

समजा, एका विक्रेत्याने शंभर पुस्तकांचा गठ्ठा ४,००० रुपयांना घेतला. प्रत्येक पुस्तक चाळीस रुपयांना पडले, असे त्याला वाटेल. पण तो हिशेब खरा नाही. वर्षभरात त्यांतली साठच पुस्तके खपली, तर त्या साठांनीच सगळ्या गठ्ठ्याचा भार उचलायचा असतो. दर पुस्तकास दीडशे रुपये आले, तर विक्री ९,००० रुपयांची झाली. गठ्ठा घरी आणण्याचे ६०० रुपये, पुठ्ठा, कागद व चिकटपट्टी यांचे दर पुस्तकास पंधराप्रमाणे ९०० रुपये, आणि मध्यस्थ संकेतस्थळाची दलाली शेकडा दहा धरली तर आणखी ९०० रुपये. टपालखर्च ग्राहकाने निराळा दिला असे मानले, तरी हाती राहिले २,६०० रुपये. म्हणजे दर पुस्तकामागे सुमारे त्रेचाळीस. पुस्तक पुसणे, त्याची छायाचित्रे काढणे, वर्णन लिहिणे, विचारणांना उत्तरे देणे, बांधणे आणि टपालात टाकणे यांत एक तास गेला, तर तासाची मजुरी तेवढीच झाली. उरलेली चाळीस पुस्तके फडताळात जागा अडवून बसली ती वेगळीच. म्हणूनच नफा विकताना नव्हे, तर घेताना होतो, असे जुने व्यापारी सांगत आले. शंभरांतून साठ निवडून घेण्याची दृष्टी ज्याला आहे, त्यालाच हा धंदा साधतो.

माल घरी आला की वर्णनाचे काम सुरू होते. पुस्तक असेल तर लेखक, प्रकाशक, आवृत्ती व मुद्रणवर्ष हे आतल्या पानावर पाहून लिहावे. बांधणी सैल आहे काय, कसर लागली आहे काय, पाने पिवळी पडली आहेत काय, समासात शाईच्या खुणा आहेत काय, हे एकेक सांगावे. ‘स्थिती उत्तम’ या दोन शब्दांनी काहीच कळत नाही; ‘पुठ्ठ्याचा उजवा कोपरा दुमडला आहे, पाने सर्व शाबूत’ असे लिहिले की ग्राहकाला पुस्तक दिसू लागते. छायाचित्र खिडकीजवळच्या उजेडात घ्यावे, आणि दोषाचे छायाचित्र स्वतंत्र घ्यावे. हीच रीत भांडी, साड्या, घड्याळे, मोबाइल या सर्वांना लागू पडते.

या बाबतीत कायदाही हेच मागतो. १९३० च्या माल-विक्री कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार, वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचे हे कलम आजच्या इंटरनेटवरील विक्रीला चपखल बसते. २०२० साली ग्राहक संरक्षणाचे जे ई-व्यापारविषयक नियम झाले, त्यांनुसार माल सदोष निघाला किंवा जाहिरातीप्रमाणे नसला, तर संकेतस्थळामार्फत विकणाऱ्या विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाची स्तुती लिहिणेही त्यांनी मना केले आहे.

माल कोठून आला हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना माल घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात तो सांगितला आहे. यास्तव विकणाऱ्याची सहीची पावती घ्यावी. मोबाइलचा व्यापार करणाराने तर त्या यंत्राचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक केंद्र शासनाच्या संचार साथी या सेवेवर तपासल्यावाचून पैसे देऊ नयेत. आधीच्या मालकाची छायाचित्रे व पत्रव्यवहार त्यातून पुसून टाकणे हेही त्याचे कर्तव्य होय.

कराच्या बाबतीत जुन्या मालाला एक सवलत आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे, खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल तर कर खरेदी आणि विक्री यांच्या फरकावरच आकारला जातो. ६,००० रुपयांना घेतलेली वस्तू ७,५०० रुपयांना विकली, तर विचार १,५०० रुपयांचाच होतो. मात्र करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा झाल्यास उलाढाल लहान असली तरी नोंदणी करावी लागते. छापील पुस्तकांवर हा कर नाही. शिवाय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू केली. तीत पुस्तकांना ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये असा दर ठेवण्यात आला, कर निराळा.

या व्यवसायात फसविण्याचा धोका एकट्या ग्राहकालाच असतो असे नाही. नवख्या विक्रेत्याला घाईघाईने गाठून, भाव न करता वस्तू पसंत करून, ‘पैसे पाठवितो, हे चिन्ह स्कॅन करा आणि आपला पिन घाला’, असे सांगणारे लबाड पुष्कळ आहेत. येथे एकच नियम कायमचा लक्षात ठेवावा : यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही; तो लागतो तो पैसे देण्यासाठी. फसवणूक झालीच तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

घरी बसून, थोड्या भांडवलावर करता येणारा हा उद्योग अनेकांना आकर्षक वाटतो, आणि तो तसा आहेही. अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. प्रथम आपल्याच घरातल्या दहा वस्तू विकून पाहाव्यात, प्रत्येकीचा खर्च व वेळ वहीत मांडावा, आणि मगच दुसऱ्याचा माल विकत घ्यावा. भांडवल पुन्हा उभे करता येते. पण ज्या ग्राहकाने आपल्याला कधी पाहिलेले नाही, त्याच्या मनातून एकदा उतरल्यावर पुन्हा चढता येत नाही. त्याच्यापाशी आपली दुसरी ओळखच नसते.