पाळीपाळीने राबणारी टाकी

भिवंडीच्या यंत्रमागांवर ताणा चढण्यापूर्वी सायझिंगमध्ये त्याला जी खळ देतात, तिचे पुढे काय होते याची चौकशी कापड वापरणारा सहसा करीत नाही. ती पिष्टमय खळ कापड धुताना सुटते, रंगखात्याच्या पाण्यात मिसळते आणि सकाळी एका, सायंकाळी दुसऱ्याच गुणाचे सांडपाणी होऊन कामवारी नदीची वाट धरते. अशा लहरी पाण्याच्या बंदोबस्तास, माझ्या मते, सिक्वेन्सिंग बॅच रिअॅक्टर, म्हणजे जाणकारांच्या तोंडची एसबीआर टाकी, विशेष अनुरूप आहे.

भरणे, हवा देणे, निवळू देणे आणि वरचे पाणी काढणे ही चारही कामे येथे एकाच टाकीत, क्रमाने होतात. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळाची, म्हणजे जिवाणूंच्या गाळाकरवी सांडपाणी शुद्ध करण्याची, पद्धती सिद्ध केली तीही भरा-उपसा याच रीतीने. परंतु झडपा उघडझाप करण्याची दगदग असह्य होऊन पुढे अखंड प्रवाहाच्या टाक्यांचा अंमल बसला, आणि स्वयंचलित नियंत्रणे आल्यावरच अमेरिकेत रॉबर्ट आयर्विन प्रभृतींनी जुन्या पद्धतीचे पुनरुज्जीवन केले. नवी मुंबईची मलप्रक्रिया केंद्रे याच कुळातील होत.

आखणीची खरी गोम हवेत नसून निवळण्यात आहे. समजा, रोज ५०० घनमीटर पाणी, दोन टाक्या आणि सहा तासांचे चक्र. म्हणजे आठ भरण्या, दर भरणीस ६२.५ घनमीटर. दर वेळी टाकीचा तिसरा हिस्सा काढावयाचा, तर प्रत्येक टाकी सुमारे १८८ घनमीटरांची हवी. लिटरभर मिश्रण नळकांड्यात अर्धा तास ठेवून गाळ ३६० मिलिलिटरवर बसला, तर गाळ व काढावयाचे पाणी यांच्यामध्ये जेमतेम तिसरा हिस्सा मोकळा उरतो. गाळ फुगला की तेवढीही जागा जाते व वरचे पाणी काढणारा डिकँटर पाण्यासोबत गाळ ओढू लागतो. आरंभी भरपूर अन्न आणि नंतर उपास, असा क्रम राखल्यास गाळ फुगविणाऱ्या तंतुमय जिवाणूंचे फावत नाही, हा या टाकीचा मोठा गुण. खळीत नत्र व स्फुरद मात्र फार थोडे. शंभर भाग बीओडीस, म्हणजे जैविक प्राणवायू-मागणीस, पाच भाग नत्र व एक भाग स्फुरद असावे, या हिशेबाने युरिया व डीएपीची तजवीज करावी लागते.

रंग मात्र दाद देईलच असे नाही. अॅझो वर्गातील रंग प्राणवायूवाचून फुटतात, आणि त्यांतून निघणाऱ्या अमाइनांपैकी बरीच हवेत नष्ट होतात. म्हणून भरणीचा काही काळ हवा देणारा ब्लोअर बंद ठेवून मिश्रण नुसते ढवळावे. काही रंग तरीही शिल्लक राहतात, आणि त्यांच्यासाठी रासायनिक प्रक्रियेचा निराळा खर्च मालकाने आधीच अंदाजपत्रकात धरावा.