बुळकांडीचा शेवट : लसीकरणाइतकाच महत्त्वाचा ठरला शोध

तिशीच्या आतील पशुपालकांनी बुळकांडी हा रोग प्रत्यक्ष पाहिलेला नाही. ज्येष्ठ शेतकऱ्यांच्या स्मरणात मात्र तीव्र ताप, तोंडातील व्रण, डोळ्यानाकातून वाहणारा स्राव, दुर्गंधीयुक्त हगवण आणि पाहता पाहता रिकामी झालेली दावण अजून ताजी आहे. विषाणूमुळे होणाऱ्या या रोगाचा भारतातील अखेरचा उद्रेक १९९५ साली तमिळनाडूत नोंदवला गेला. लाळ्या खुरकूत रोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आज देशापुढे आहे. त्या दृष्टीने बुळकांडीविरुद्धचा लढा कसा जिंकला गेला, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

दीर्घ लढ्याची पायाभरणी

या रोगाच्या भयाने देशातील पशुवैद्यकीय संशोधनाला चालना मिळाली. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा पुढे मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. तेथे १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळ्यांमध्ये वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस विकसित केली. दक्षिणेत चेन्नईच्या वेपेरी भागातील, १९०३ साली सुरू झालेल्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयाने पशुवैद्यकांच्या पिढ्या घडवल्या, तर राणीपेट येथील संस्थेने लसनिर्मितीचा भार उचलला.

१९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. गायी-म्हशींपैकी ८० टक्के जनावरांना लस टोचण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. वर्षाला हजारोंच्या संख्येने होणारे उद्रेक काही वर्षांतच शेकड्यांवर आले. तरीही रोग पूर्णपणे संपला नाही. पुढील तीन दशके तो, विशेषतः दक्षिण भारतात, टिकून राहिला.

रोग का रेंगाळला?

कळपात दरवर्षी नवी वासरे जन्माला येतात आणि ती लसीविना राहिली तर विषाणूला नवे यजमान मिळतात. बाजार आणि व्यापाराच्या मार्गांनी बाधित जनावरे दूरवर पोहोचतात. उन्हाळ्यात शीतसाखळी तुटली तर लस टोचूनही संरक्षण मिळत नाही. शिवाय अंशतः प्रतिकारक्षम कळपात लक्षणे सौम्य दिसत असल्याने रोग नजरेतून निसटतो. टोचलेल्या जनावरांची संख्या कागदावर वाढत होती. विषाणू नेमका कोठे आहे, याचे उत्तर मात्र त्या आकड्यांत नव्हते.

१९९२ साली युरोपीय समुदायाच्या साहाय्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रकल्पाने ही त्रुटी दूर केली. रोग जेथे टिकून होता तेथे उती संवर्धनावर तयार केलेल्या लसीचे सघन लसीकरण आणि इतरत्र गावोगाव रोगाचा शोध, अशी दिशा ठरली. त्यानंतरचा निर्णय सर्वांत कठीण होता : लसीकरण थांबवणे. लस टोचलेल्या आणि रोगातून बऱ्या झालेल्या जनावरांच्या रक्तातील प्रतिपिंडे सारखीच दिसत. त्यामुळे लसीकरण सुरू असेपर्यंत विषाणू संपल्याचे सिद्ध करणे अशक्य होते. लस थांबवल्यावर मात्र संपूर्ण पशुधन असुरक्षित होणार होते. ही जोखीम केवळ सतर्क देखरेखीच्या बळावर पत्करण्यात आली. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २००६ साली भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असल्याचे मान्य केले आणि २०११ साली संपूर्ण जग या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर मानवाने समूळ नष्ट केलेला हा दुसरा रोग होय.

लाळ्या खुरकुताचे आव्हान

बुळकांडीच्या विषाणूचा एकच सीरोटाइप होता, लसीने दीर्घकाळ संरक्षण मिळे आणि बरे झालेले जनावर विषाणूचे वाहक राहत नसे. लाळ्या खुरकुताच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. भारतात या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन सीरोटाइप आढळतात, लसीचे संरक्षण सुमारे सहा महिनेच टिकते आणि बरी झालेली काही जनावरे विषाणू बाळगून राहतात. म्हणूनच २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी लसीकरण केले जाते. आजच्या शास्त्रज्ञांच्या हाती एक अधिकचे साधन आहे : शुद्ध केलेली लस वापरली असल्यास लसीचा आणि संसर्गाचा प्रतिसाद रक्तचाचणीत वेगळा ओळखता येतो. त्यामुळे लसीकरण सुरू असतानाही विषाणूचा माग काढता येतो.

पशुपालक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याभराने वर्धक मात्रा आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी लस द्यावी. गावातील एकही गोठा वगळू नये.
- लस टोचेपर्यंत बर्फाच्या पेटीतच ठेवावी.
- प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला असावा व लसीकरणाची नोंद त्याच क्रमांकावर करावी.
- बाजारातून आणलेले जनावर किमान तीन आठवडे वेगळे बांधावे.
- लाळ गळणे, तोंडात वा खुरांत व्रण, लंगडणे अशी लक्षणे दिसताच जनावर वेगळे करून नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. रोग लपवून जनावर विकणे हे शेजाऱ्याच्या गोठ्यात विषाणू सोडण्यासारखे आहे. २००९च्या कायद्यानुसार अशा अनुसूचित रोगाची माहिती देणे पशुपालकाचे कर्तव्य आहे.

बुळकांडीच्या अखेरच्या टप्प्यात रक्तनमुना देणारा पशुपालक आणि संशयित जनावराची खबर पोहोचवणारा गावपातळीवरील कर्मचारी यांचे काम लसीइतकेच मोलाचे ठरले. लाळ्या खुरकुताच्या लढ्यातही लस रोगाला आवर घालील. पण त्याचा शेवट गावातून वेळेवर पोहोचणाऱ्या माहितीशिवाय होणार नाही.