दुभंगलेला कणा

घरात पाळणा हलणार ही वार्ता कानी येते, तेव्हा गर्भाच्या घडणीतील एक मोठे काम जवळजवळ उरकलेले असते. गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मेंदू व मज्जारज्जू यांची मूळ नलिका मिटते. पाळी चुकून त्या वेळी जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ही नलिका खालच्या बाजूस उघडी राहिली, तर तेथे कण्याची हाडेही जुळत नाहीत. या दोषास ‘स्पायना बिफिडा’ म्हणतात. त्याच्या उग्र प्रकारात पाय लुळे पडतात, मलमूत्रावर ताबा राहत नाही आणि पुष्कळदा डोक्यात पाणी साठते. ग्रहणात मातेने काही चिरले म्हणून असे झाले, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे.

याचे निदान जन्मापूर्वी होऊ शकते. सोळा ते अठरा आठवड्यांच्या सुमारास मातेच्या रक्तात अल्फा फीटोप्रोटीन वाढलेले आढळले, तर शंका घ्यावी. त्यानंतर सोनोग्राफी निर्णायक ठरते. नवल असे की, दोष पाठीत असला तरी खूण डोक्यात सापडते. उघड्या कण्यातून द्रव झिरपतो, मेंदूचा मागील भाग खाली ओढला जातो आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला दिसतो. ही खूण १९८६ साली वर्णिली गेली.

निदान झाल्यावर गर्भ वाढवावा की नाही, हा कठीण प्रश्न दांपत्यापुढे उभा राहतो. कायद्याच्या चौकटीत तो त्यांनीच सोडवावयाचा असतो. डॉक्टरांनी त्यांस सर्व बाजू समजावून द्याव्यात. बहुधा जन्मानंतर दोन-तीन दिवसांत पाठ शिवतात, गरज पडल्यास डोक्यातील पाणी उतरविण्यास नळी बसवितात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २६ आठवड्यांपूर्वी गर्भाशयातच शस्त्रक्रिया केली असता, नळीची गरज शेकडा ८२ वरून ४० वर आली. मात्र अकाली प्रसूतीचा धोका वाढला.

या सर्वांहून सोपा उपाय एका गोळीत आहे. पूर्वी असे अपत्य झालेल्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्यास पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, असे ब्रिटनमधील संशोधकांच्या नेतृत्वाखालील प्रयोगात १९९१ साली दिसले. इतर स्त्रियांस रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. मधुमेह वा अपस्मार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळी घेऊनही क्वचित दोष राहतो. तेव्हा मातेस बोल लावू नये. परंतु डोहाळ्यांची वाट न पाहता, मूल हवे असे ठरताच ती सुरू करावी.