प्रार्थना करा, सोबतीलाही जा

गंभीर आजाराचे निदान झाले की मित्रमंडळींच्या तोंडी दोन वाक्ये हमखास येतात. ‘काही लागले तर सांग’ आणि ‘तुझ्यासाठी प्रार्थना करतो’. ख्रिस्ती समाजात दुसरे वाक्य नुसते बोलण्यापुरते राहत नाही. वसईत काय किंवा अहिल्यानगरात काय, चर्चमध्ये आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना होते. फादर किंवा पाळक घरी, रुग्णालयात येतात आणि उशाशी बसून प्रार्थना करतात. या प्रार्थनेचा रुग्णाला काही उपयोग होतो का, हे विज्ञानानेही तपासून पाहिले आहे.

अमेरिकेतील सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरील अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे तीन गट केले होते. दोन गटांतील रुग्णांसाठी ख्रिस्ती प्रार्थनागट १४ दिवस प्रार्थना करत होते. त्यांपैकी एका गटाला ते माहीत होते, दुसऱ्याला नव्हते. तिसऱ्या गटासाठी या प्रार्थनागटांनी प्रार्थना केली नाही. प्रार्थनेची कल्पना नसलेल्या गटात ५२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली, तिसऱ्या गटात ५१ टक्के रुग्णांना. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ५९ टक्के निघाले. हा योगायोग असू शकतो. ‘आपली प्रकृती इतकी बिघडली आहे का?’ ही धास्तीही त्यामागे असू शकते.

या प्रयोगातील प्रार्थना करणारे रुग्णाला ओळखत नव्हते. त्यांच्याकडे होते फक्त रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर. मित्राचे तसे नसते. तो प्रार्थना करून उठतो आणि डबा घेऊन रुग्णालयात जातो.

अशा सोबतीचा हिशेब वेगळा आहे. २००६मध्येच स्तनांचा कर्करोग झालेल्या २,८३५ अमेरिकी परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानापूर्वी ज्या एकाकी होत्या, त्यांना मृत्यूचा धोका माणसांत राहणाऱ्यांपेक्षा ६६ टक्के अधिक आढळला. अशा निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, पण संशोधकांनी बोट ठेवले ते जवळच्या माणसांकडून मिळणाऱ्या देखभालीवर.

मार्कच्या शुभवर्तमानातील चौघांची गोष्ट ख्रिस्ती वाचकांना ठाऊक आहे. गर्दीमुळे येशूपर्यंत पोहोचता येईना, तेव्हा त्यांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला बाजेसकट खाली सोडले. त्यांचा विश्वास होता आणि खांदाही होता.

म्हणून ‘काही लागले तर सांग’ म्हणण्यापेक्षा नेमके विचारावे. ‘मंगळवारी केमोला मी सोबत येऊ?’, ‘मुलांना शाळेतून मी आणू?’ डॉक्टर सांगतात ते घाबरलेल्या रुग्णाच्या लक्षात राहत नाही. सोबतच्याने ते वहीत लिहून घ्यावे. केमोथेरपीत प्रतिकारशक्ती घटते, त्यामुळे आपल्याला सर्दी-ताप असेल तर भेट टाळून फोन करावा. केमो सुरू असताना रुग्णाचा ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशा वेळी रात्री फोन उचलणारा मित्र हवा.

प्रार्थनेपूर्वीही विचारावे, ‘आता करू का?’ रुग्ण थकलेला असेल, तर दोन मिनिटे पुरतात. आजार चर्चमध्ये जाहीर करण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. ‘विश्वास कमी पडला म्हणून बरे वाटत नाही’ असे मात्र कधीही म्हणू नये. आधीच खचलेल्या माणसावर त्यामुळे अपराधाचे ओझे पडते. प्रार्थनेच्या भरवशावर औषधे बंद करा, असे कोणी सुचवत असेल, तर त्याला रोखणे हेही मित्राचेच काम आहे.