भिंतींचे कान आणि घरातील बिनतारी जाळे

भिंतींनाही कान असतात, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. ही म्हण रूढ झाली त्या काळी कोणाला घरातले बोलणे ऐकावयाचे असेल, तर त्याला निदान घराजवळ येऊन उभे राहावे लागे. आज घरोघरी वाय-फायचे जे बिनतारी जाळे पसरले आहे, त्याने तेवढीही अडचण ठेवलेली नाही. दिवाणखान्यातील राउटर नावाची लहानशी पेटी ज्या रेडिओलहरी सोडते, त्या भिंतीशी थबकत नाहीत. त्या जिन्यात जातात, शेजारच्या बिऱ्हाडात शिरतात, रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीपर्यंतही पोहोचतात. ज्या जाळ्यावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, मुलांच्या परीक्षांचे अर्ज भरतो, डॉक्टरांना अहवाल पाठवितो, त्या जाळ्याचे दार लावलेले आहे की नाही, याची शहानिशा मात्र फार थोडे लोक करतात.

या बेफिकिरीचे परिणाम महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहेत. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांकडे आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढीत पोलीस नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचले. त्याचा कटाशी संबंध नव्हता. त्याच्या घरातील असुरक्षित वाय-फायचा कोणी तरी उपयोग करून घेतला होता. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेलही चेंबूरमधील एका कंपनीच्या अशाच असुरक्षित जाळ्यावरून गेला असल्याचे निष्पन्न झाले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. अपराध दुसऱ्याने करावा आणि पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे निरपराध गृहस्थाने द्यावीत, हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न या संदर्भात नेहमी विचारला जातो. वरील उदाहरणांत त्या घरातील वा कचेरीतील काहीच चोरीला गेले नव्हते, हेच त्याचे उत्तर होय. शिवाय डोकावणारा दर वेळी चोरच असतो असेही नाही. रस्त्यांची छायाचित्रे घेत फिरणाऱ्या आपल्या मोटारींनी तीसहून अधिक देशांत, कुलूप नसलेल्या वाय-फायवरून जाणारा लोकांचा खासगी मजकूरही टिपला होता, अशी कबुली गूगल या बलाढ्य कंपनीने मे २०१० मध्ये दिली. उघड्या दारातून कोण आत पाहून गेले, हे घरमालकाला पुष्कळदा कळतही नाही.

आता कुलपाचा विचार करू. लहरी अडविता येत नाहीत. म्हणून त्यांवरून जाणारा मजकूर कूटलिपीत घालावा लागतो. १९९७ साली वाय-फायचे मूळ मानक तयार झाले, तेव्हा त्यात ‘वेप’ नावाची पद्धत होती. तिच्यातील दोष २००१ पासून उघडकीस येऊ लागले आणि २००७ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी हे कुलूप एका मिनिटाच्या आत उघडून दाखविले. दरम्यान २००४ साली ‘डब्ल्यूपीए-२’ आणि पुढे २०१८ साली ‘डब्ल्यूपीए-३’ या अधिक भक्कम पद्धती आल्या. आपल्या राउटरवर या दोहोंपैकी एक चालू आहे की नाही, हे पाहणे हे पहिले काम.

परंतु कुलूप कितीही मजबूत असले, तरी किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यास त्याचा उपयोग काय? अनेक घरांत वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरातील कर्त्या माणसाचा मोबाईल क्रमांक असतो. जोडणी करून देणारा तंत्रज्ञ तो सोयीसाठी घालतो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. डब्ल्यूपीए-२ पद्धतीत एखादे यंत्र जाळ्याला जोडले जाताना होणारी देवघेव टिपून घेतली, की पुढचे तर्क आपल्या घरी बसून स्वस्थपणे लढविता येतात. आपल्याकडील मोबाईल क्रमांक ६ ते ९ याच अंकांनी सुरू होतात. म्हणजे शक्यता उरतात सुमारे ४०० कोटी. ही संख्या प्रचंड वाटते. पण सेकंदाला लाखो पासवर्ड तपासणारी संगणकाची उपकरणे आज बाजारात मिळतात. त्यांना हे काम काही तासांचे. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांबलचक पासवर्ड लक्षात ठेवण्यास सोपा आणि तर्काने शोधण्यास कठीण असतो. जाळ्याचे नाव लपविणे किंवा ठराविक यंत्रांनाच प्रवेश देणे, हे उपाय मात्र फसवे आहेत; कारण ते नाव आणि यंत्रांचे क्रमांक हवेतून उघडपणेच जात असतात. राउटरवरील ‘डब्ल्यूपीएस’ ही झटपट जोडणीची सोयही बंद ठेवणे श्रेयस्कर. तिचा आठ अंकी क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ सालीच सिद्ध झाले आहे. राउटरच्या स्वतःच्या व्यवस्थेचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलला पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा शेजारच्या मुलांना अभ्यासासाठी आपले वाय-फाय देणारी कुटुंबे होती. हा शेजारधर्म आता सोडून द्यावयाचा काय? मुळीच नाही. परंतु पासवर्ड एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिला, की तो कोणाकोणाकडे आहे याचा हिशेब राहत नाही. आणि डब्ल्यूपीए-२ मध्ये ज्याच्याजवळ पासवर्ड आहे, त्याला त्याच जाळ्यावरील इतरांच्या मजकुरावर पाळत ठेवणेही शक्य होते. यावर तोडगा आहे. बहुतेक नव्या राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे, वेगळ्या पासवर्डाने चालू करता येते. पाहुण्याला ओसरीवर बसवून सन्मानाने चहा द्यावा. त्यासाठी तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन करण्याचे कारण नाही.

सारा भार नागरिकावर टाकणे अर्थातच न्याय्य होणार नाही. सर्व यंत्रांना एकच ठराविक पासवर्ड घालून ती विकण्यास ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी केली आहे. आपल्याकडे जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी निदान पासवर्ड बदलण्याची रीत सोप्या मराठीत छापून ग्राहकाच्या हाती द्यावी, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे. व्यक्तीचे खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. परंतु न्यायालयाने दिलेला हक्क आपल्या घराच्या दाराला कडी घालण्यास येत नाही. ती कडी आपल्यालाच घालावी लागते. आणि तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.