सहा चर्चांची एक घटना

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट चर्चांनी मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. त्यांत अँग्लिकन होते, बाप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्टांची एक शाखा आणि डिसायपल्स होते. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे युनायटेड चर्चही होते, आणि त्यातून अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या आल्या. श्रद्धेच्या मुख्य गोष्टींवर सगळ्यांचे जुळत होते. अडत होते ते बाप्तिस्म्यापाशी आणि कारभारापाशी. अँग्लिकनांना बिशपाशिवाय चर्चची कल्पना करवत नव्हती, प्रेस्बिटेरियनांचा भरवसा वडीलजनांच्या सभेवर होता, तर बाप्टिस्टांना मंडळीवर वरून कोणी हुकूम सोडलेला खपत नव्हता. १९२९ पासून बोलणी लांबत गेली त्याचे मोठे कारण हेच. हे ऐक्य उभे राहिले, कारण नव्या चर्चच्या घटनेने कोणालाही आपली जागा सोडायला लावली नाही, असे माझे मत आहे.

कारभार जवळून पाहिला की हे पटते. तळाशी मंडळी आणि तिची निवडलेली पास्टोरेट कमिटी. तिच्यावर डायोसीसची, म्हणजे बिशपाच्या प्रांताची, परिषद, जिच्यात पाळकांबरोबर सामान्य सभासदही बसतात. सर्वांत वर सिनड, म्हणजे साऱ्या चर्चची सभा. बिशप आहे, पण त्याची निवड होते आणि तो घटनेने बांधलेला आहे. सिनडचा प्रमुख मॉडरेटर हा बिशपांपैकीच एक, तोही निवडलेला. बाप्तिस्म्याची तरतूद तर मला सगळ्यांत बोलकी वाटते. बालकाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही ग्राह्य. एखाद्या पाळकाच्या विवेकाला बालबाप्तिस्मा मानवत नसेल, तर तो विधी दुसऱ्या पाळकाकडून करवून घेता येतो. पाळकाच्या मनावर जबरदस्ती होत नाही आणि आईबापांनाही रिकाम्या हाती परतावे लागत नाही. नागपूरच्या स्थापनाविधीतही हीच वृत्ती होती. निरनिराळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पूर्वी कोणाच्या दीक्षेत काय उणे होते, याचा निवाडा कोणी केला नाही.

यावर आक्षेप असा की, इतक्या पायऱ्यांमुळे निर्णय रखडतात आणि निवडणुकांनी गटबाजी शिरते. ते खरे आहे. पण नेमणुका बंद दाराआड झाल्या म्हणून गट नाहीसे होत नाहीत, फक्त दिसेनासे होतात. निवडणुकीत निदान सभासदाला जाब विचारता येतो. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. जमिनी, शाळा, दवाखाने जुन्या मिशनांच्या ट्रस्टांच्या नावावर होते आणि ऐक्याचा ठराव झाला म्हणून ते आपोआप नव्या चर्चचे होत नव्हते. गुजरातमधल्या ब्रदरेन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली न्यायालयाने सांगितले की, कायद्याने घालून दिलेली विलीनीकरणाची रीत पाळली गेली नव्हती, नुसता ठराव पुरेसा नाही. हा दोष सत्ता वाटून घेण्याचा नव्हे. श्रद्धेच्या प्रश्नांवर जेवढा वेळ आणि कस लावला, तेवढा दस्तऐवजांवर लावला नाही, त्याचा आहे. म्हणूनच प्रत्येक मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर, आपली इमारत आणि जमीन कोणत्या ट्रस्टच्या नावे आहे हेही वाचून दाखवले पाहिजे, आणि ते विचारण्याचा हक्क शेवटच्या बाकावरच्या सभासदालाही असला पाहिजे.