कॉर्टिकोस्टेरॉइडची इंजेक्शने : उपयोग आणि मर्यादा

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोनची इंजेक्शने देण्यात आली. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. ह्या कार्याबद्दल फिलिप हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन ह्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबविताच व्याधी उलटते आणि दीर्घकाळ दिल्यास शरीरावर अनिष्ट परिणाम होतात, हेही हेंच ह्यांच्या लवकरच ध्यानी आले. गुण आणि धोका ह्यांची ही जोडी कशातून उद्भवते, ह्याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकात कॉर्टिसोल हे संप्रेरक तयार होते. औषधी कॉर्टिकोस्टेरॉइडे ही त्याचीच भावंडे होत. ती पेशीत शिरून ग्राहक-प्रथिनाशी संयोग पावतात. हा संयोग पेशीकेंद्रात जाऊन दाह निर्माण करणाऱ्या अनेक जनुकांचे कार्य मंदावतो. ह्या क्रियेस प्रायः काही तास लागतात. म्हणूनच तीव्र अ‍ॅलर्जीच्या आघातात प्रथम द्यावयाचे औषध अ‍ॅड्रेनॅलिन होय. स्टेरॉइडचे स्थान त्यानंतरचे. सुईने दिलेले औषध तत्क्षणी गुण देते हा समज येथे निराधार ठरतो. रोगी गिळू शकत नसेल, सतत वांती होत असेल, प्रकृती अत्यवस्थ असेल, किंवा औषध सांध्यासारख्या एकाच ठिकाणी पोहोचवावयाचे असेल, तेव्हाच इंजेक्शनास खरे प्रयोजन असते.

इंजेक्शनांचे दोन वर्ग ध्यानात ठेवले पाहिजेत. हायड्रोकॉर्टिझोन सोडियम सक्सिनेट किंवा डेक्झामेथासोन सोडियम फॉस्फेट ही लवणे पाण्यात विरघळतात व शिरेतून देता येतात. ट्रायमसिनोलोन अ‍ॅसिटोनाइड किंवा मिथिलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट ही मात्र सूक्ष्म कणांची निलंबने असून सांध्यात वा स्नायूत साठून हळूहळू शोषली जातात. ती शिरेतून कदापि देऊ नयेत. तसेच मिलिग्रॅमचा आकडा पाहून औषधाचे बळ ठरविणे चुकीचे होय. हायड्रोकॉर्टिझोन २० मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोन ५, मिथिलप्रेडनिसोलोन ४ आणि डेक्झामेथासोन ०.७५ मिलिग्रॅम ह्या मात्रा दाहशमनाच्या दृष्टीने जवळजवळ तुल्य आहेत. अर्थात् डेक्झामेथासोनचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ४० मिलिग्रॅम.

योग्य रोगी व योग्य वेळ ह्यांचे महत्त्व कोविडच्या साथीत जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच झाले असेल. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ ह्या प्रयोगाचे निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाले. त्यात डेक्झामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, तोंडाने किंवा शिरेतून दिले होते. कृत्रिम श्वसनावरील रोग्यांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ प्राणवायू लागणाऱ्यांत ते २६.२ वरून २३.३ वर आले. परंतु ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना काहीही लाभ झाला नाही. उलट त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण औषध न दिलेल्या गटात १४.०, तर दिलेल्या गटात १७.८ टक्के आढळले, जरी हा फरक निर्णायक नव्हता. कारण उघड आहे. आरंभी विषाणूशी झुंजण्यास प्रतिकारशक्ती हवी असते. पुढे तीच अनावर झाली म्हणजे तिला आवर घालावा लागतो.

ही मर्यादा ओलांडल्याचा परिणाम २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दिसला. कोल्हापूर जिल्ह्यात ती लाट जुलैपर्यंत रेंगाळली होती. ह्याच सुमारास देशात म्यूकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘काळी बुरशी’, हा एरवी विरळ रोग फैलावला आणि महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये त्यात अग्रभागी होती. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये त्याची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया ह्यांनी त्याच महिन्यात स्टेरॉइडच्या गैरवापराकडे बोट दाखविले. स्टेरॉइडने रक्तशर्करा वाढते व भक्षकपेशींचे बळ घटते. मधुमेहातील आम्लतेमुळे रक्तातील लोह मोकळे होऊन बुरशीस पोषक ठरते. नाक, डोळा व मेंदू ह्यांकडे जाणारी वाट तिला अशी मोकळी मिळाली. कित्येकांचे प्राण वाचले, पण डोळा किंवा वरचा जबडा गमवावा लागला. मधुमेहींची संख्या मोठी असलेल्या आपल्या समाजास ह्यातून घ्यावयाचा धडा लहान नाही.

ह्यावरून काही नियम निष्पन्न होतात. इंजेक्शनापूर्वी रक्तशर्करा, रक्तदाब, क्षयाचा इतिहास व सुप्त जंतुसंसर्ग ह्यांची विचारपूस करावी. उपचार चालू असता शर्करा वारंवार तपासावी व जिवंत जंतूंच्या लसी टाळाव्यात. सुमारे तीन आठवड्यांहून अधिक काळ औषध घेतलेल्या रोग्यात अधिवृक्क ग्रंथी निष्क्रिय झालेली असू शकते. म्हणून ते एकाएकी बंद न करता क्रमशः उतरवावे. अशा रोग्यास शस्त्रक्रिया वा तीव्र आजार उद्भवल्यास जादा मात्रेची गरज पडू शकते, हे त्याच्या कागदांवर नोंदविलेले असावे.

सांध्यातील इंजेक्शनाचेही पथ्य आहे. सांध्यात पू किंवा जंतुसंसर्गाची शंका असेल तर ते वर्ज्य होय. एकाच सांध्यात वर्षातून तीन-चार वेळांहून अधिक टोचू नये, आणि टाचेच्या मोठ्या कंडरेत तर टोचूच नये, कारण ती तुटण्याचा संभव असतो. निर्जंतुकतेविषयी २०१२ सालची अमेरिकेतील घटना पुरेशी बोलकी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तयार झालेल्या मिथिलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटच्या कुप्यांत बुरशी शिरली होती. पाठदुखीसाठी ती इंजेक्शने घेतलेल्यांसह ७५० हून अधिक लोक आजारी पडले व ६० हून अधिक मृत्यू पावले.

सारांश, स्टेरॉइड दाह शमविते, दाहाचे मूळ कारण नव्हे. ते कारण कोणते, औषध कोणत्या टप्प्यावर द्यावयाचे, किती दिवस आणि केव्हा थांबवावयाचे, ह्या चार प्रश्नांची उत्तरे सुई उचलण्यापूर्वी हाती असली, तर हेच औषध संजीवक ठरते. ती नसता रोग्याला आलेला तात्पुरता आराम हा पुष्कळदा पुढील संकटावरचा पडदा असतो.